वसुमती उठली नाही

“ए आजे, पाय खाली सोड आधी. आणि जरा झाकून बस, गाडीत चार माणसं आहेत.”

गंजाडच्या थांब्यावर चढलेली ती वारली म्हातारी कंडक्टरच्या सीटशेजारी पाय वर घेऊन बसली होती. जुलै महिना, आवणीचे म्हणजे भातलावणीचे दिवस. पोटऱ्यांवरचा चिखल अजून ओला होता आणि मांडीवर कापडाचं गाठोडं होतं. कंडक्टर वसुमतीचं ऐकून तिनं मुकाट्यानं पाय खाली सोडले. लुगडं दोन्ही हातांनी खाली ओढून पाहिलं, पण ते गुडघ्याच्या खाली येणारं नव्हतंच. मागच्या सीटवरची कॉलेजची पोरं फिसकन हसली. वसुमतीलाही हसू आलं. मशीनमधून तिकीट काढून तिनं म्हातारीच्या हातात ठेवलं आणि ती पुढे सरकली.

वसुमती चुरी मूळची चिंचणीची, लग्न होऊन डहाणूला आलेली. नवरा अनिकेत रेल्वेत. एसटीत कंडक्टर म्हणून लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “दिवसभर पुरुषांच्या गर्दीत घुसायचं, हात वर करून उभं राहायचं. शोभतं का?” ते वाक्य वसुमतीनं मनात असं धरून ठेवलं होतं की गेल्या सहा वर्षांत तिनं कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती. खाकी कमीज इतरांपेक्षा चार बोटं लांब शिवलेला, गळ्याला आतून जादा बटण. तोंडानं फटकळ, कामात चोख. पंचवीस-तीस माणसांची तिकिटं चारोटी यायच्या आत संपवायची आणि मग सीटवर बसायचं, अशी तिची शिस्त. डेपोतले लोक तिला मागून ‘हेडबाई’ म्हणत, ते तिला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

सलवारची नाडी मात्र चार दिवसांपासून विरली होती. गाठ मारताना तिचे धागे सुटलेले दिसत. आज घालू, उद्या घालू करत राहून गेलं होतं.

चारोटी नाक्यावर गाडी थांबली आणि माणसं आत कोंबली गेली. दारातच कुणीतरी भाताच्या रोपांची ओली पाटी ठेवली होती. “ही कुणाची? मधे घ्या, मधे घ्या,” म्हणत वसुमती वाकली, तिनं पाटीला हिसका दिला आणि कमरेत काहीतरी तटकन तुटलं.

काय झालं ते तिला त्याच क्षणी कळलं. नाडीचं एक टोक नेफ्यात आत पळालं होतं, दुसरं पोटावर लोंबत होतं आणि सलवार कमरेवरून सरकू लागली होती. तिनं डावं कोपर कमरेवर दाबलं. तशीच, कुणाला न कळेल अशी मागे सरकत आपल्या सीटवर येऊन बसली. ड्रायव्हर मोहनकाकांनी आरशातून पाहिलं, दार लागलं, गाडी हायवेला लागली.

चारोटीला चढलेल्या एकाकडेही तिकीट नव्हतं. वसुमतीनं एकदा उठून पाहिलं. एका हातात मशीन, दुसऱ्या हातानं सलवार धरलेली. गाडीनं ट्रक चुकवायला वळसा घेतला तसा तिचा तोल गेला. दांडी धरायला तिसरा हात हवा होता. ती पुन्हा बसली.

“पैसे पुढे पाठवा,” ती बसूनच ओरडली. “तिकीट पाठवते मागे.”

दोघा-तिघांनी पाठवले. बाकीचे आपल्या जागी उभे राहिले. कंडक्टर येईल तेव्हा बघू म्हणणारी माणसं ती. वसुमतीनं मनाशी ठरवलं, तलासरीच्या स्टँडवर उतरताना सगळ्यांना दारात अडवायचं. मग कुणा बाईमाणसाकडून पिन मागायची. शेजारच्या म्हातारीकडे तिनं एकदा पाहिलं. पण मागे ती पोरं होती, आणि नुसतं पुटपुटलं तरी ऐकू जाईल एवढ्यावर. वसुमतीनं नजर खिडकीबाहेर वळवली.

तलासरी पाच-सहा किलोमीटरवर राहिलं असेल तेव्हा रस्त्याच्या कडेला जीप दिसली. तपासणी पथक. एक साहेब आणि दोन माणसं वर चढली.

“मॅडम, तिकिटांची यादी काढा,” साहेब म्हणाले. मग त्यांनी गाडीत नजर फिरवली. त्यांच्या माणसांनी मागून सुरुवात केली होती. “याच्याकडे नाही, साहेब. याच्याकडेपण नाही. ह्या बाईकडे नाही.”

“देतच होते साहेब,” वसुमती म्हणाली.

“बसून?”

वसुमतीनं हातातलं मशीन सीटवर ठेवलं.

“मॅडम, मी तुमच्याशी बोलतोय. उठून उभ्या राहा.”

वसुमती उठली नाही. मांडीवरची चामडी बॅग तिनं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती.

“साहेब, तलासरीपर्यंत थांबा. मग मी...”

“तलासरीपर्यंत म्हणजे? लोक उतरून जाईपर्यंत, असंच ना?” साहेबांचा आवाज चढला. “कधी चढली ही माणसं?”

“चारोटीला,” कुणीतरी आपणहून सांगितलं. “मॅडम आल्याच नाहीत. आम्ही पैसे काढून उभे होतो.”

मागच्या पोरांपैकी एकानं मोबाइल वर धरला होता. वसुमतीला तो दिसला. आपण आता उठलो आणि कोपर जरा ढिलं पडलं, तर काय काय त्या मोबाइलमध्ये जाईल, तेवढंच तिच्या डोळ्यांपुढे आलं. “साहेब, माझी अडचण आहे,” एवढं ती म्हणाली, पण इतक्या खालच्या आवाजात की शेजारच्या म्हातारीखेरीज कुणाला ऐकू आलं नसावं.

“शेवटचं सांगतो. उठा.”

ती मान खाली घालून बसून राहिली.

साहेबांनी पंचनामा केला, तिच्या सह्या घेतल्या. त्यांच्या माणसानं तिकिटं काढून वाटली. खाली उतरताना साहेब मोहनकाकांना म्हणाले, “एवढा माज मी वीस वर्षांत पाहिला नाही.”

तलासरीला गाडी रिकामी झाली. मोहनकाका दारातून म्हणाले, “मॅडम, काय झालं तुम्हाला? चहा घ्यायला चला.” तिनं मान हलवली, तसे ते एकटेच गेले. गाडीत ती उरली आणि ती म्हातारी.

“आजी, उतरा. तलासरी आलं.”

“दिसला मना,” म्हातारी म्हणाली. “नाडी तुटली ना तुझी?”

वसुमतीच्या डोळ्यांतून एकदम पाणीच आलं.

“रडतेस कां? उभी ऱ्हा. मी हाय.”

म्हातारीनं गाठोडं सोडलं. आत नाचणीच्या पिठाची पुडी होती आणि जुन्या लुगड्याचे धुऊन मऊ झालेले तुकडे. तिच्या लेकीला आदल्या रात्री तलासरीच्या दवाखान्यात मुलगी झाली होती. ती कापडं त्या पोरीला गुंडाळायला नेत होती. त्यातला मोठा तुकडा तिनं दोन सीटांच्या दांड्यांवर आडोशाला टाकला. दुसऱ्याची किनार दातात धरून टर्रकन फाडली. करंगळीएवढी रुंद, लांबच लांब पट्टी निघाली.

“पिन हाय?”

वसुमतीनं अंबाड्यातला आकडा काढून दिला. म्हातारीनं पट्टी त्याला बांधली आणि गाठ थुंकी लावून बारीक केली. नेफ्याच्या पोटावरच्या तोंडातून आकडा आत शिरला. वसुमती दोन्ही हातांनी सलवार वर धरून उभी होती. म्हातारी वाकून तिच्याभोवती फिरत होती, नेफा चुण्या करून पुढे ढकलत होती, मग ताणून सरळ करत होती. मागच्या शिवणीशी आकडा अडला. म्हातारीची थंड, चिखलाचा वास येणारी बोटं कमरेला लागली. त्या बोटांना अजिबात घाई नव्हती.

“आजी,” वसुमती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “मघाशी मी तुम्हाला पायांवरून बोलले.”

“कवा?”

“गंजाडला. चढलात तेव्हा.”

म्हातारीनं जरा आठवून पाहिलं. “असशील बोललीस. गाडीत चढलां का कोन ना कोन बोलतंच बाय. कोन कवा बोलला, याद नाय ऱ्हात.”

आकडा शिवणीतून सुटला. पट्टीचं टोक बाहेर आलं, तसं म्हातारीनं ते ओढून दोन्ही टोकं सारखी केली. “बांध आता. घट्ट बांध.”

वसुमतीनं गाठ मारली. एक, वर दुसरी.

“त्या सायबाला सांगलास नाय कां?”

“कसं सांगणार? पुरुषमाणसं होती सगळी.”

“नाडीच तुटली ना. चोरी केलीस का?”

वसुमतीनं म्हातारीचा हात धरला. “आजी, कुणाला सांगू नका हं. शपथ आहे.”

“नाय सांगत.” म्हातारीनं कापडं गोळा केली, गाठोडं बांधलं. उतरताना वसुमतीनं नाव विचारलं. नवशी, म्हणाली ती, आणि दवाखान्याच्या दिशेनं झपाझप चालू लागली.

संध्याकाळी वसुमती घरी पोचली त्याआधीच तो व्हिडिओ अनिकेतच्या मोबाइलवर पोचला होता. ‘एसटीच्या मॅडमचा माज बघा’ असं वर लिहिलेलं. ऑफिसमधल्या कुणीतरी, ही तुमच्या ओळखीची का, म्हणून पाठवला होता.

“साहेब सांगतायत उठा, तर उठायला काय झालं होतं तुला?” अनिकेत म्हणाला. “काय चेहरा करून बसलीयस त्यात!”

तिनं दार लोटलं आणि त्याला सांगितलं. तो उठला, पंखा वाढवून पुन्हा येऊन बसला.

“हे आणखी कुणाला सांगितलंस?”

“नाही.”

“सांगू नकोस. चक्कर आली म्हणून लिहून दे.” आणि जरा थांबून म्हणाला, “माजोरडी म्हणतायत ते परवडलं.”

तिनं तसंच लिहून दिलं. आरोपपत्र आलं. माणसं बिनतिकीट नेली, त्यात अपहाराचा हेतू दिसतो, वरिष्ठांचा अवमान केला. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं. नोकरी जाईल असं डेपोत सगळे म्हणत होते. ती बाजारात जायची तेव्हा पदर डोक्यावरून घेऊन जायची. आपण केलं काय आणि लोकांनी मानलं काय, यातलं जास्त लाजिरवाणं कुठलं, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

सप्टेंबरात चौकशीची तारीख लागली. मोहनकाका साक्षीला होते. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. “मॅडम, चक्कर आली म्हणताय, पण डॉक्टरचा कागद नाही तुमच्याकडे. कोण विश्वास ठेवणार? ती म्हातारी तुमच्या शेजारी होती, मागाहून एकटीच उतरली. मी तिला गंजाडहून घेऊन येतो. चांगली बाई आहे, बोलावलं तर लगेच हो म्हणाली.”

“नको काका, तिला नको,” वसुमती म्हणाली. पण का नको, ते तिला सांगता येईना. मोहनकाका भलेपणानं घेऊन आलेच.

कचेरीच्या व्हरांड्यात नवशी उकिडवी बसली होती. जाता-येता कारकून तिच्याकडे बघत होते. वसुमती साडी नेसून आली होती. ती नवशीजवळ वाकली.

“आजी, ते सांगू नका.”

“नाय सांगत. बोललीय ना मी तुला.”

“विचारलं तर म्हणा, मला बरं नव्हतं. चक्कर आली. तुम्ही पाणी दिलं.”

नवशीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. “बरा,” ती म्हणाली.

आत चौकशी अधिकारी, त्यांच्या बाजूला टाइप करणारा कारकून, आणि खुर्चीत ते पथकाचे साहेब. वसुमतीला भिंतीशी बसायला सांगितलं होतं. नवशी टेबलासमोर उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही.

“काय झालं होतं मॅडमना?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“बायला बरा नव्हता. डोला फिरला तिचा. मी पानी पाजलां. तू लिव तसा.”

‘तू’ ऐकून कारकुनानं ओठ दाबले. अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी चढली. “पाणी कधी दिलंस? हे साहेब गाडीत होते तेव्हा?”

“हां.”

“सर, मी समोर उभा होतो,” पथकाचे साहेब म्हणाले. “ही बाई गाठोडं धरून गप्प बसली होती. पाणी नाही, काही नाही. मॅडमना चक्करबिक्कर काही नव्हती, चांगल्या डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. “ए बाई. खोटं बोलायला कुणी शिकवलं तुला? काय दिलं या मॅडमनी? दारूपुरते मिळाले का?”

नवशी आता आपल्याकडे वळून पाहील असं वसुमतीला वाटलं होतं. तिनं तसं केलं नाही. तिचे हात फक्त आपसूक खाली गेले आणि तिनं लुगडं गुडघ्यांवर ओढून धरलं.

वसुमती उभी राहिली.

“साहेब, तिला बोलू नका.”

“तुम्हाला विचारलेलं नाही. बसा.”

“मीच तिला खोटं बोलायला सांगितलं. आत्ता, बाहेर.” तिचा आवाज चिरकला. “मला चक्कर आली नव्हती. माझ्या सलवारची नाडी तुटली होती.”

टाइप करणाऱ्याचे हात थांबले.

“काय?” अधिकारी म्हणाले. त्यांना ऐकू आलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तिला पुन्हा सांगावं लागलं.

“नाडी तुटली होती, साहेब. चारोटीला. उठले असते तर सलवार खाली आली असती. म्हणून मी तिकिटं द्यायला गेले नाही आणि म्हणून उठले नाही. तलासरीला गाडी रिकामी झाल्यावर हिनं आडोसा केला आणि दुसरी ओवून दिली. नातीच्या कापडातून फाडून. हिला तेव्हाही मी शपथ घातली होती, कुणाला सांगू नको म्हणून. हिनं पाळली.”

पथकाचे साहेब आपल्या बुटांकडे पाहत राहिले. कारकून खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. वसुमतीच्या कानांच्या पाळ्या अशा तापल्या की तिला वाटलं, हात लावला तर पोळेल.

“हे तिथल्या तिथे सांगायचं होतंत,” अधिकारी जरा वेळानं म्हणाले.

“हो साहेब. सांगायचं होतं.”

“मग?”

“नाही सांगता आलं.”

त्यांनी कारकुनाला मजकूर सांगितला. ‘गणवेशासंबंधी अचानक अडचण उद्भवल्याने.’ मग नवशीकडे न बघता ते म्हणाले, “बाईंना बसायला खुर्ची द्या.” पण नवशी तोवर दाराकडे निघाली होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं ते एवढंच, “मना घरी जाया गाडी कवा हाय?”

वसुमती तिला फलाटापर्यंत पोचवायला गेली. वाटेत तिनं नातीची चौकशी केली. पोर बरी आहे, अंगावर पिते, म्हणाली नवशी. गाडी लागली. नवशी पायरीवर चढत होती तेव्हा वाकून तिच्या पायांना हात लावावा असं वसुमतीला फार वाटलं. पण फलाटावर डेपोतली माणसं उभी होती, सगळी तिच्याकडेच बघत होती आणि एव्हाना सगळ्यांना कळलेलं होतं. तिचा हात पुढे झाला नाही. तिनं नुसतं म्हटलं, “सावकाश जा, आजी.” गाडी फाटकाबाहेर गेल्यावरही ती तिथेच उभी होती. खोलीतल्या तीन पुरुषांसमोर बोलून झालं, आणि एवढंसं वाकणं काही जमलं नाही, याची तिला खोलीतल्यापेक्षाही जास्त शरम वाटली.

अपहाराचा आरोप गेला. तिकिटं न दिल्याबद्दल आणि खोटा खुलासा दिल्याबद्दल तिची एक वेतनवाढ रोखली. ती कबूल करून तिनं सही केली. घरी अनिकेत म्हणाला, “सांगितलंसच ना शेवटी.”

“हो,” ती म्हणाली.

“कॉलनीत कसं तोंड दाखवायचं ते तूच सांग आता.”

तिनं पानं घेतली, त्याला वाढलं, स्वतः जेवली. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारातून आला तेव्हा त्याच्या पिशवीत भाजीबरोबर पांढऱ्या नाड्यांची एक जुडी होती. ती त्यानं काही न बोलता शिलाई मशीनवर ठेवली आणि तो टीव्ही लावून बसला.

पुढच्या सोमवारी ती कामावर गेली. खिडकीतून मशीन आणि बॅग घेताना मागे चार-पाचजण उभे होते. ड्युटी तलासरीचीच लागली होती.

“हेडबाई,” मागून कुणीतरी म्हणालं, “सगळं घट्ट आहे ना?”

बाकीचे हसले. आवाज कुणाचा ते तिला कळलं. तिनं वळून पाहिलं नाही, उत्तरही दिलं नाही. बॅग खांद्याला अडकवून ती गाडीकडे चालू लागली. मान, कान, गाल, सगळं पेटलेलं होतं आणि ते आता लवकर विझणारं नाही हे तिला कळून चुकलं होतं.

गाडी भरलेली होती. मोहनकाका स्टिअरिंगवर हात ठेवून तिची वाट बघत होते. ती पायरी चढून आत आली. सगळी तोंडं तिच्याकडे वळली. यातल्या कुणी तो व्हिडिओ पाहिला असेल, कुणी पाहिला नसेल. मोहनकाकांनी आरशात पाहिलं आणि नजर काढून समोर रस्त्यावर ठेवली.

तिनं दार ओढून घेतलं.

“तिकीट,” ती म्हणाली. मग आणखी जरा मोठ्यानं म्हणाली, “बोला, कुठं जायचंय?”